तळघरातील पीकपाहणी

वनस्पतीने किती उंच व्हावे, हा प्रश्न सृष्टीच्या आरंभापासून वनस्पती आणि सूर्य या उभयतांमधील खाजगी मामला समजला जात असे, आणि ऊस फार वाढला म्हणून उसावर किंवा नारळ फार वाढला म्हणून नारळावर कोणा सरकारने नोटीस बजावल्याचे निदान माझ्या तरी वाचनात नाही. परंतु कॅनडा देशाच्या संसदेने, इतर पुष्कळ कामे शिल्लक असतानाही, हा प्रश्न २०१७ साली आपल्या पटलावर घेतला आणि घरी लावलेल्या गांजाच्या झाडाने शंभर सेंटिमीटरांची उंची ओलांडता कामा नये, अशी तरतूद एका विधेयकाच्या मसुद्यात मोठ्या गांभीर्याने घातली. कल्पना मूळची सरकारने त्याआधी नेमलेल्या सल्लागार मंडळाची. त्या मंडळाने २०१६ च्या डिसेंबरात अहवाल सादर करताना घरटी चार झाडे आणि झाडामागे एक मीटर, असा हिशेब मांडला होता. पुढे कनिष्ठ सभागृहाच्या आरोग्य समितीने मीटरचे कलम गाळले, चार झाडे तेवढी कायम ठेवली, आणि १७ ऑक्टोबर २०१८ पासून कायदा अमलात आला.

हे कलम गळाल्याची हळहळ त्या देशात कोणाला वाटली असेल तर ती मलाच. उभी हयात महाराष्ट्रातल्या एका तहसील कचेरीत काढून अव्वल कारकून या पदावरून निवृत्त झालेल्या मनुष्याला, एका कलमाच्या अंतर्धानाने केवढे खाते जन्मास येता येता राहिले, हे डोळ्यांपुढे दिसल्यावाचून राहत नाही. मोजणी कोठून धरावयाची, कुंडीच्या काठापासून की मातीच्या पृष्ठभागापासून? शेंडा म्हणजे खोडाचा शेंडा, की त्याच्याही वर उभ्या राहिलेल्या पानाचे टोक? झाड वाकवून बांधले असेल तर लांबी मोजावी की उंची? पंचनाम्याच्या दिवशी नव्याण्णव सेंटिमीटर असलेले झाड तारखेच्या दिवशी एकशे चार झाले, तर गुन्हा मालकाचा की तारीख लांबणीवर टाकणाऱ्या न्यायालयाचा? यांतील एकेका मुद्द्यावर पाच-पाच परिपत्रके निघाली असती, आणि सहाव्याने आधीची पाचही रद्द झाली असती. क्वेबेक प्रांताने या साऱ्या कटकटीवर आपल्यापुरता सोपा तोडगा काढला. त्याने चारांच्या जागी शून्य लिहिले, आणि ते शून्य देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली कायम केले. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणशी तीन झाडांची मुभा दिली आहे. म्हणजे कॅनडात घरपट्टीचे तत्त्व आणि जर्मनीत डोईपट्टीचे. जमाबंदीतला हा जुना वाद या झाडानेही सुटू दिलेला नाही.

मुलाच्या नोकरीमुळे आमचे वास्तव्य हल्ली वर्षातील बराच काळ टोरोंटोशेजारच्या मिसिसागा या शहरी असते. आमच्या डाव्या हाताचे शेजारी हे विम्याच्या धंद्यातून निवृत्त झालेले, अत्यंत सालस, मितभाषी आणि पालिकेचा कचरासुद्धा घडी घालून ठेवणारे गृहस्थ. यांच्या तळघरात कायद्याने मंजूर केलेली चार झाडे नांदतात. त्या झाडांपासून मिळणाऱ्या मालाचे त्यांना विशेष आकर्षण आहे असे म्हणवत नाही. क्वचित शनिवारी रात्री दोन झुरके घेऊन ते नऊ वाजता झोपी जातात, आणि हा परिणाम त्यांच्यावर वर्तमानपत्रानेही होतो. त्यांचा खरा जीव गुंतला आहे तो संगोपनात. मुले दूरच्या प्रांतांत स्थायिक झाली, कुत्रे वारले, आणि नेमक्या त्याच सुमारास कायदा अमलात आला.

आमच्याकडे ज्या झाडाच्या लागवडीबद्दल १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे, त्या झाडाचे एक पान पिवळे पडले म्हणून एका सभ्य गृहस्थाची झोप उडावी, हे पाहण्याची मनाची तयारी व्हायला मला काही काळ लागला. तुरीच्या किंवा कपाशीच्या पिकात दडवलेली गांजाची झाडे पोलिसांनी उपटली, ही बातमी आमच्या जिल्हापत्रांतून अधूनमधून येतेच, आणि तिच्यात झाडे ‘पाच ते सहा फूट उंचीची’ असल्याचा उल्लेख सहसा चुकत नाही. तेथे उंची हा आरोपीविरुद्धचा पुरावा असतो. येथे शेजारी महाशय तीच उंची इंचपट्टीने मोजून एका वहीत तारीखवार टिपतात, आणि आकडा वाढला की कपाळाला हात लावतात.

मी हिंदुस्थानातून आलो, एवढ्या एकाच आधारावर त्यांनी मला या विषयातील अधिकारी पुरुष ठरवून टाकले. लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८५ साली भारतातून आलेल्या नमुन्यांवरून या वनस्पतीच्या एका जातीला ‘इंडिका’ असे नाव दिले. त्या नावाशी माझे जन्मस्थळ जुळते, हा पुरावा त्यांना पुरेसा वाटला. मी महसूल खात्यात होतो हे कळल्यावर तर त्यांची खात्रीच पटली. पीकपाहणीचे काम मी पुष्कळ पाहिले आहे, हे खरे. परंतु ती पाहणी बांधावर उभे राहून, शेतकऱ्याने दिलेला चहा घेत, समोर जे दिसते ते सात-बाराच्या रकान्यात भरण्याची होती. पीक बरे करणे हे काम सरकारने कधी कारकुनाकडे सोपवले नव्हते. हा भेद मी त्यांना समजावून सांगितला असता, पण त्यांनी तोवर तळघराचा दिवा लावला होता.

तळघरात एक तंबू होता. आतून चंदेरी, बाहेरून काळा, आणि उघडायला आगगाडीच्या डब्याइतका अवजड बंद असलेला. आत वर साखळ्यांनी टांगलेला दिवा, बाजूस एक भिरभिरणारा पंखा, वास बाहेर जाऊ नये म्हणून कोळशाची गाळणी, आणि खाली चार कुंड्यांत ती चार झाडे. खोडाला पेरे, पेऱ्यावर समोरासमोर फुटलेल्या फांद्या, हाताच्या पंजासारखी पण दोन बोटे अधिक असलेली दातेरी पाने. पान उलटे केले तर खालची बाजू फिकट आणि शिरा ठसठशीत. एवढे सगळे ठीक. परंतु दोन पेऱ्यांमध्ये चांगले वीतभर अंतर पडले होते, खोड लांबच लांब पण करंगळीहून बारीक होते, आणि पंख्याचा झोत आला की चारही झाडे एकदम मान हलवून कशालाही होकार देत होती.

मी हिशेब मागितला. तळघराचे छत सव्वासात फूट. त्यांतून कुंडी एक फूट, दिवा आणि त्याच्या साखळ्या एक फूट, पान करपू नये म्हणून दिवा आणि शेंडा यांमध्ये राखावयाचे अंतर दीड फूट, हे वजा जाता झाडाच्या वाट्याला पावणेचार फूट उरतात, म्हणजे एकशे चौदा सेंटिमीटर. संसदेने गाळलेले कलम सुताराने जवळजवळ जसेच्या तसे परत घातले होते. आणि झाड तर असे की मोकळ्या रानात, धाग्यासाठी दाट पेरले तर, एका हंगामात तीन-चार मीटर जाणे हा त्याचा कुलाचार. बी लावून एका वर्षात आपला सगळा जन्म उरकणाऱ्या या वनस्पतीला उंचीची घाई असते, कारण रानात शेजारच्या गवताने सावली धरण्याच्या आत तिला वर निघायचे असते. तळघरात गवत नाही, ही गोष्ट तिला कोणी कळवलेली नसते.

झाड उंच का होते, याचा खुलासा सामान्य मनुष्य ‘चांगले पोसले म्हणून’ असा करील. वस्तुस्थिती बहुतेक उलटी असते. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस यांनी १८८० साली वनस्पतींच्या हालचालींवर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात गवताच्या कोवळ्या कोंबांच्या टोकांवर टोप्या घालून असे दाखवले होते की प्रकाशाचा सुगावा टोकाला लागतो आणि वाकतो मात्र त्याच्या खालचा भाग. म्हणजे वरच्या साहेबाने पाहावे आणि खालच्याने हालचाल करावी, ही पद्धत कचेऱ्यांनी शोधून काढली, हा माझा गैरसमज त्या ग्रंथाच्या वार्तेने दूर झाला. पुढील शास्त्रज्ञांनी टोकात तयार होऊन खाली उतरणारा तो रस ओळखला, त्याला ऑक्झिन असे नाव पडले. प्रकाश अपुरा असला की झाड पाने वाढवण्याचा खर्च स्थगित ठेवते आणि सारा निधी खोडाच्या लांबीकडे वळवते. शेजारी महाशयांनी, रोपे कोवळी असताना त्यांना दिव्याची झळ लागेल या कनवाळूपणाने, दिवा छताला टेकवून ठेवला होता. रोपे त्याच्या भेटीसाठी जिवाच्या आकांताने वर निघाली. तीन आठवडे ते गृहस्थ त्यास उत्तम प्रगती समजून वहीत टिपत होते.

घरात गांजा लावून त्याचे निरीक्षण करणारे ते पहिले नव्हेत, हे मी त्यांना त्यांच्या समाधानासाठी सांगितले. ज्या कार्ल लिनेअसने १७५३ साली या झाडाला त्याचे शास्त्रीय नाव दिले, त्याच थोर पुरुषाने वनस्पतींतील स्त्री-पुरुषभेद सिद्ध करण्यासाठी स्वीडनमध्ये स्वतःच्या घरी दोन कुंड्यांत हेच बी पेरले होते, कुंड्या दोन निरनिराळ्या दूरच्या खोल्यांत खिडकीशी ठेवल्या होत्या, आणि एका कुंडीतली नर रोपे काढून टाकल्यावर तिथल्या माद्यांना बी धरत नाही, हे १७६० च्या निबंधात जगजाहीर केले होते. एकेका कुंडीत तीस-चाळीस रोपे उगवली होती म्हणे. शेजारी महाशयांनी हे सर्व आदराने ऐकून घेतले, आणि एवढेच विचारले, की लिनेअसच्या कुंडीतील रोपे किती उंच होती.

तोडगा अखेर आमच्या घरातून निघाला. आमच्या सौभाग्यवतींनी येथे स्वयंपाकघराच्या खिडकीत एक तुळस जगवली आहे, आणि त्या तुळशीलाही येथल्या हिवाळ्यातल्या मिणमिणत्या उन्हात तोच रोग जडला होता. शेजाऱ्यांच्या दुःखाची हकिगत मी जेवताना सांगितली, तेव्हा भाजीत मीठ घालता घालता त्या म्हणाल्या, “अहो, त्यांना म्हणावं शेंडा खुडा. मंजिऱ्या आल्या की मी नाही का तुळशीच्या काढून टाकत? आणि पुन्हा त्या झाडाचं नाव माझ्या तुळशीच्या बरोबरीनं घेऊ नका.” डार्विन पितापुत्रांनी टोप्या घालून जे शोधले, ते त्यांनी फोडणी जळू न देता सांगितले. विदर्भ-मराठवाड्यातला शेतकरी तरी वेगळे काय करतो? तुरीची दाटी उंच निघाली की शेंडे खुडतो, कपाशी माजली की तिचाही शेंडा मारतो, आणि मग फांद्या आडव्या फुटून फळ अधिक धरते.

याचे कारण असे की शेंड्याची कळी हा त्या झाडाच्या एकत्र कुटुंबातला कर्ता असतो. तो वर बसून असेपर्यंत खालच्या पेऱ्यांतल्या कळ्यांना, वय झाले तरी, स्वतःचा संसार थाटण्याची परवानगी मिळत नाही. त्याचा रस वरून खाली उतरत राहतो आणि प्रत्येक कळी ‘अजून नाही’ एवढेच ऐकत पेऱ्यात मिटून बसते. तो गेला की दुसऱ्या दिवसापासून धाकट्यांत हालचाल सुरू होते, आणि थोड्याच दिवसांत एकाच्या जागी दोन कर्ते उभे राहतात. घराची उंची थांबते, रुंदी वाढते, आणि भांडणेही वाढतात.

शस्त्रक्रियेला मी हजर होतो. शेजारी महाशयांनी कात्री स्पिरिटने पुसली, चष्मा पुसला, पुन्हा कात्री पुसली, आणि पहिल्या झाडाच्या शेंड्याजवळ ती नेऊन एकदम विचारले की याला काही वाटत तर नसेल. मी हिंदुस्थानातील असल्यामुळे या प्रश्नाचेही उत्तर मला ठाऊक असावे, असा त्यांचा समज दिसला. मी ‘नाही’ म्हणालो. चिमूटभर हिरवा तुकडा खाली पडला, कापल्या जागी रसाचा एक बारीक थेंब आला, आणि त्यांनी तो कापसाने टिपला. दोन झाडांचे शेंडे याप्रमाणे उतरले. उरलेल्या दोघांवर मात्र त्यांचा हात चालेना. ती दोघे स्वभावाने शांत आहेत, असे कारण त्यांनी दिले.

या दयेचा निकाल फुलोऱ्याच्या वेळी लागला. गांजा हे लहान दिवसाचे झाड. दिवस अठरा तासांचा ठेवला तर ते नुसते वाढत राहते, आणि बारा तास अखंड काळोख मिळू लागला म्हणजे त्याला शरद ऋतूचा भास होऊन फुले येतात. वनस्पतींच्या या कालमापनाचा उलगडा गार्नर आणि अॅलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली केला, आणि गंमत अशी की त्यांनाही या शोधाकडे ओढून नेले ते बेसुमार उंच होणाऱ्या तंबाखूच्या एका वाणाने. शेजारी महाशयांनी काळोखाची अशी काही शिस्त लावली की तळघरातल्या शीतपेटीच्या इवल्याशा लाल दिव्यावरही चिकटपट्टी बसली, आणि रात्री आत जाणे अगदीच भाग पडले तर ते हिरव्या काचेची विजेरी घेऊन जात, कारण हिरव्या उजेडाची झाडांना फारशी दखल नसते. परंतु फुलोऱ्याची हाक आली की पहिले दोन-तीन आठवडे हे झाड फुलण्याऐवजी अगोदर ताडमाड वाढते, कधी कधी दुप्पट होते, ही गोष्ट त्यांच्या वहीत कोठेच नव्हती. शेंडा खुडलेली दोन झाडे बेताने राहिली. शांत स्वभावाची दोन झाडे दिव्याला जाऊन भिडली, आणि वरची पाने पांढरी फटक पडली.

आता शेंडा छाटायची वेळ टळली होती. ऐन फुलोऱ्यात डोके उडवले तर फूलच जाते. राहिला मार्ग वाकवण्याचा. खोडाचा कोवळा भाग दोन बोटांत धरून हलकेच चुरावा, आतील धागे सैल झाले की तो आडवा करावा आणि मऊ तारेने कुंडीच्या काठाला बांधून टाकावा. काही दिवसांत त्या जागी बोटाच्या पेरासारखी गाठ धरते आणि झाड आडवेच वाढू लागते. तसे केले. तारा, दोऱ्या, कपड्यांचे चिमटे आणि एक जुना गळपट्टा यांनी जखडलेली ती दोन झाडे पाहून इस्पितळातल्या अस्थिभंगाच्या विभागाची आठवण मला झाली असती, पण शेजारी महाशय प्रत्येक दोरीखाली कापसाची घडी घालत असल्यामुळे तो विचार मला अप्रशस्त वाटला.

दुसऱ्या हंगामात उंचीचा बंदोबस्त वेळीच झाला, आणि संकट पोषणाच्या बाजूने आले. तळघरात आता एक फळी बसली होती आणि तिच्यावर बाटल्यांची रांग: एक वाढीची, एक फुलोऱ्याची, एक मुळांची, एक पाने चकाकण्याची, एक आधीच्या चार बाटल्या एकमेकींशी नीट वागाव्यात म्हणून. प्रत्येक बाटलीबरोबर तिच्या उत्पादकाने आठवडावार मात्रांचा तक्ता दिलेला असतो. असा तक्ता काढणाऱ्याचा चरितार्थ बाटली रिकामी होण्यावर चालतो, हे ध्यानात घेऊन त्याची निम्मी मात्रा द्यावी, असे कोणीही व्यवहारी मनुष्य ठरवील. परंतु शेजारी महाशयांनी आयुष्यभर पॉलिसीतील बारीक अक्षर वाचण्याचा आणि पाळण्याचा धंदा केलेला. त्यांनी प्रत्येक तक्ता संपूर्ण पाळला, आणि तक्ते पाच होते.

प्रथम खालची पाने पिवळी पडली. येथे थोडे कचेरीचे ज्ञान कामास आले. नत्र हे बदलीपात्र खाते आहे. तूट पडली की झाड जुन्या पानांतले नत्र काढून नव्या पानांत रुजू करते, म्हणून नत्राची कमतरता नेहमी खालून वर जाते. मॅग्नेशियमही बदलीपात्र, पण त्याच्या अभावी जुन्या पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग तेवढा पिवळा होतो. लोहाची बदली होत नाही. ते जेथे नेमले तेथेच निवृत्त होते, आणि म्हणून त्याची उणीव कोवळ्या पानांवर दिसते. आमच्या नगरकडच्या चुनखडीच्या जमिनीत उसाची नवी पाने पांढुरकी पडतात, त्याला शेतकरी केवडा म्हणतात, तो प्रकार हाच. एवढे सांगून मी थांबायला हवे होते असे कोणी म्हणेल. पण खरा दोष माझ्या व्याख्यानाचा नसून त्यांच्या फळीचा होता, कारण ज्या घटकाचे नाव मी घेतले त्याची बाटली तेथे हजर होती.

मग नत्राची मात्रा चढली. पाने काळपट हिरवी होऊन त्यांची टोके खाली आत वळली. नत्र अति झाल्याची ही खूण. मग नत्र तोडले आणि चुना-मॅग्नेशियम आले. मग टोके तपकिरी होऊन करपली. मग पालाश कमी असेल म्हणून पालाश आले, तेव्हा कडाही करपल्या. या झाडाच्या सर्व व्याधींची चित्रे असलेला एक रंगीत तक्ता त्यांनी भिंतीला लावला होता, त्यात बावीस पाने बावीस प्रकारे मरत होती, आणि समोरच्या कुंडीतील कोणतेही पान त्यांतील किमान सहा चित्रांशी जुळत होते. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने प्रसिद्ध असलेला, परंतु त्याच्याही आधी श्प्रेंगेलने मांडलेला, एक नियम आहे, की पिकाची वाढ ज्या घटकाची तूट सर्वांत मोठी त्याच्यावर अडते. शेजारी महाशय त्या नियमाचा व्यत्यास सिद्ध करण्याच्या मार्गावर होते.

मी बोटाने माती पाहिली. ती चिखल होती. चार कुंड्यांना रोज पाणी, आणि प्रत्येक पाण्यात काही ना काही कालवलेले. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, ओल आहे पण चिखल नाही आणि मुळांना श्वास घ्यायला जागा आहे ती अवस्था, ती या मातीने जन्मात पाहिली नव्हती. त्यात क्षार साठत गेले, मातीचा सामू खाली घसरला, आणि सामू साधारण सहा ते सात यांच्या पलीकडे गेला की मुळांपुढे पंचपक्वान्ने वाढलेली असूनही त्यांना घास उचलता येत नाही. झाडे उपाशी होती, आणि उपाशी दिसतात म्हणून त्यांना आणखी वाढले जात होते. मी मनातल्या मनात या पिकाची पैसेवारी काढली. ती पन्नासच्या खाली आली, म्हणजे आमच्या नियमांप्रमाणे तळघरात टंचाई जाहीर करून सारा तहकूब करायला हरकत नव्हती. टंचाईचे कारण अतिवृष्टी.

“तुमच्याकडे पूर्वी हे कोण पाहत असे?” त्यांनी एकदा अगदी काकुळतीने विचारले, आणि या प्रश्नाला मात्र माझ्यापाशी सप्रमाण उत्तर होते. इंग्रज सरकारने १८९३ साली नेमलेल्या भांग-गांजा चौकशी आयोगाने देशभर हिंडून अकराशेहून अधिक साक्षी नोंदवल्या आणि पुढील वर्षी सात खंडांचा अहवाल दिला. त्या काळी मुंबई इलाख्यात आमच्या नगर जिल्ह्यातही परवान्याने गांजा पिकत असे. पण लागवडीची खरी राजधानी बंगालमधले राजशाहीकडील नौगाव. तेथे शेतकरी पोद्दार नावाचा एक जाणकार मेहनताना देऊन बोलावीत. त्याचे काम एवढेच, की फुले येण्याच्या सुमारास ओळीओळीने शेतात फिरायचे, झाडाच्या पेऱ्याकडे पाहायचे, आणि नर झाड ओळखून मोडून टाकायचे. इंग्रज अधिकारी त्याला गांजाचा डॉक्टर म्हणत. त्याच्यापाशी बाटली नव्हती, तक्ता नव्हता. दोन-तीन फेऱ्या मारायच्या आणि निघून जायचे. शेजारी महाशयांना ही निघून जाण्याची गोष्ट विशेष बेजबाबदारपणाची वाटली.

आणि तरीही फेब्रुवारीत त्यांना स्वतःला निघून जावे लागले, कारण कॅनडातले निवृत्त लोक थंडीत फ्लोरिडास गेले नाहीत तर त्यांच्या प्रकृतीबद्दल चौकशी सुरू होते. जाताना त्यांनी तळघराची किल्ली, टंकलिखित सूचनांची एक चोपडी आणि फळीवरील सर्व बाटल्यांचे मुखत्यारपत्र माझ्या हवाली केले. सर्वांत शेवटी आलेली एक लालसर द्रावणाची बाटली त्यांनी वेगळी काढून दाखवली. तिची एकच मात्रा त्यांनी आदल्या रात्री दिली होती आणि उरलेल्या मात्रा मी चुकवू नयेत, असे दोनदा बजावले.

त्या चोपडीची अमलबजावणी करण्याचा माझा प्रामाणिक विचार होता. परंतु पहिल्याच पानावर ‘परिशिष्ट तीन पाहावे’ असे होते आणि परिशिष्टे दोनच होती, सबब वरिष्ठांकडून खुलासा येईपर्यंत प्रकरण प्रलंबित ठेवणे एवढाच नियमाला धरून असलेला मार्ग मला मोकळा राहिला. प्रथम प्रत्येक कुंडीतून तळाशी पाणी निथळेपर्यंत साधे पाणी भरपूर सोडले, म्हणजे साठलेले क्षार धुऊन निघावेत. त्यानंतर कुंडी उचलून हलकी लागली तरच पाणी, आणि जड लागली तर मी परत वर येऊन चहा घेत असे. डाळिंबाच्या बागेला ताण देऊन बहार धरणाऱ्या माणसांच्या मुलखातला मी; चार दिवस पाणी न देणे याला माझ्या लेखी अत्याचार म्हणत नाहीत. करपलेली पाने करपलेलीच राहिली, ती पुन्हा हिरवी होत नसतात. पण शेंड्याकडून जी नवी पाने आली ती सरळ, पसरट आणि निरोगी पोपटी रंगाची होती.

परत आल्यावर ते हातातली पेटी खाली न ठेवता तळघरात गेले, बराच वेळ वर आले नाहीत, आणि आले ते डोळे पुसत. “एकाच मात्रेने!” ते म्हणाले. “त्या लाल बाटलीचा गुण सावकाश येतो असे लिहिलेच होते तिच्यावर.” त्याच संध्याकाळी त्यांनी तिचा चारपट मोठा कॅन मागवला, आणि कृतज्ञतेपोटी जुनी, जवळजवळ भरलेली बाटली आमच्या सौभाग्यवतींना त्यांच्या तुळशीसाठी आणून दिली. सौभाग्यवतींनी ती हसून, आभार मानून, दोन्ही हातांनी स्वीकारली. आमचे मागचे दार वाऱ्याने फार आपटते. बाटली वजनदार असून बुडाशी रुंद असल्यामुळे त्या दाराला ती उत्तम अडण लागते, आणि मार्चमधल्या वादळातही ती जागची हलली नाही.